वैनगंगेच्या काठानं, घर सोबत घेऊन : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आमच्या फेरीचे चार फोटो छापून आले होते. नागपूरहून निघून अंभोरा, पवनी, वडसा, आरमोरी करत मार्कंड्यापर्यंत, नऊ दिवस, मी आणि माझ्या सासूबाई, आणि मधले दोन दिवस मुलगा. गाडी म्हणजे ट्रॅव्हलरवर बांधलेलं मोटारहोम, मागं दोन पलंग, एक ओटा, एवढुसा फ्रीज आणि दार लावलं की उभं राहता येईल एवढा संडास. चार फोटोंवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं बाप्पा. सगळ्यांना उत्तर देणं काही होत नाही, ज्यात दुसऱ्यांच्याही कामाचं आहे तेवढं घेते.

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर झालो आहोत. जानेवारीत आठ दिवस वैनगंगेच्या काठानं फिरायचं मनात आहे, मुलगा म्हणतो कॅम्पर बुक करून देतो. रोज किती किलोमीटर धरायचे आणि कुठं कुठं थांबायचं? – एक वाचक, अकोला

काका, किलोमीटर धरूच नका. अंभोऱ्याहून सकाळी निघालं तर संध्याकाळी मार्कंड्याला पोचता येतं, म्हणजे अंतराचा प्रश्न नाहीच, आणि एका दिवसात होणारी गोष्ट आठ दिवसांत करायला जायचं असेल तर बसायची तयारी पाहिजे. आमचा नेम असा होता की सकाळी धुकं विरल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही आणि चार वाजले की मुक्काम शोधायचा. नदीवरचं धुकं कधी आठला जातं कधी साडेनऊला, आणि पावणेसहापर्यंत सूर्य बुडतो, बुडाला की अर्ध्या तासात अंधार. अंधारात या रस्त्यांवर मोटारहोम चालवायचं नाही. रेतीचे टिप्पर रात्रीच सुटतात, त्यांनी रस्त्याचं काय करून ठेवलं आहे ते दिवसा दिसतं तरी, रात्री डायरेक्ट चाकालाच कळतं. धानाचे ट्रॅक्टर मागं लाइट नसलेले. काही गावांत तर अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं, त्याच्या कडेनं दगड लावून ठेवतात, ते दगड अंधारात दिसत नाहीत.

पहिला मुक्काम अंभोरा. कुही तालुक्यात, नागपूरहून दोन तास. वैनगंगेला इथं कन्हान मिळते, आणि आम, मुर्झा, कोलारी धरून पाच नद्यांचा संगम म्हणतात, टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, विवेकसिंधू इथंच लिहिला असं इकडची माणसं मानतात, आंबेजोगाईची माणसं आपल्याकडे म्हणतात, त्या भांडणात आपण पडायचं नाही. आता तिथं केबलचा मोठा पूल झाला आहे, टॉवरमध्ये वर जाऊन बघायची गॅलरी आहे, रविवारी नुसती जत्रा. तुम्ही मंगळवार-बुधवार धरा. सकाळच्या उन्हात मंदिराच्या पायऱ्यांवर बसून खाली डोंगे जाताना बघत राहा, सासूबाईंनी तिथं सलग तीन तास काढले, मी दोनदा चहा नेऊन दिला.

मग पूल ओलांडून भंडारा जिल्ह्यात आणि खाली पवनी. पवनीला दोन दिवस द्या. लोक गोसीखुर्दचं धरण बघतात, ३३ दारं मोजतात आणि परत फिरतात, पण पवनी हे फार जुनं गाव आहे, १९६९-७० मध्ये इथं जगन्नाथ टेकडीवर खोदकाम झालं तेव्हा मौर्य-सातवाहन काळातला बौद्ध स्तूप निघाला, आणि गावाला अजून जुन्या तटाचे अवशेष आहेत. वैजेश्वराच्या घाटावर दुपारी अकरा ते तीन ऊन असतं, बायका कपडे धुवून पायऱ्यांवरच वाळत घालतात, त्यांच्या साड्यांच्या मधल्या जागेत आम्ही चटई टाकली होती.

पवनीहून निलज फाटा, ब्रह्मपुरी, मग नदी ओलांडून वडसा. वडसा म्हणजे देसाईगंज, आणि थंडीत वडशाला जाऊन झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्याचं, नाटक बघितलं नाही तर मग कशाला गेलात. दिवाळीपासून होळीपर्यंत सीझन असतो. कंपन्यांची ऑफिसं वडशाच्या बाजारात ओळीनं आहेत, बाहेर बोर्ड लावलेले, आज कोणत्या गावात कोणतं नाटक ते विचारलं की सांगतात. धान कापून रिकाम्या झालेल्या शेतात पेंडॉल पडतो, रात्री दहा-अकराला सुरू होतं आणि पहाटे पाचला संपतं. आता खरी गंमत बघा, मोटारहोमचा एवढा फायदा मला दुसरीकडे कुठंच झाला नाही. पेंडॉलपासून शंभर पावलांवर गाडी लावली, दुसरा अंक संपल्यावर सासूबाई जाऊन झोपल्या, खलनायक आला की उठवजो म्हणाल्या, आणि मी खरंच उठवायला गेले तर त्या आधीच शाल घेऊन दारात उभ्या, ऑर्गन आणि ढोलकी गाडीत पण ऐकू येत होती ना. शेजारी बसलेल्या माणसानं अंथरायला तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, दिली. तणसीवर बसून नाटक बघायची ऊब खुर्चीत नाही.

वडशाहून आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी आणि मार्कंडा. मार्कंड्याला नदी उत्तरेकडे वळते, उत्तरवाहिनी म्हणून त्या जागेला मान. दगडी मंदिरांचा समूह आहे, बाहेरच्या भिंतीवर एक वीत जागा मूर्तीशिवाय सापडत नाही. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते, तेव्हा मोटारहोम घेऊन अजिबात जायचं नाही, एरवी जानेवारीत दुपारी आम्ही दोघी, एक पुजारी आणि चार शेळ्या एवढेच होतो. त्याच्याही पुढं नदीला चपराळ्याजवळ वर्धा मिळते आणि तिची प्राणहिता होते, पण आठ दिवसांत मार्कंडा पुरे.

प्रश्न : आम्हाला गर्दी नको, अगदी निर्जन काठ पाहिजे, जिथं रात्री फक्त पाण्याचा आवाज आणि आकाशात तारे. एखादं लोकेशन पाठवाल का? – एक वाचक, पुणे

नाही पाठवणार, आणि राग मानू नका.

ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा या पट्ट्यात वाघ अभयारण्याची हद्द विचारून फिरत नाही. शेतात, नाल्यात, गावाच्या मागच्या झुडपात असतो, इकडे दरवर्षी माणसं मरतात हो, सरपणाला गेलेली, धान कापायला वाकलेली. तुम्हाला जो निर्जन काठ दिसतो तो त्याचा पाण्यावर यायचा रस्ता असू शकतो. आणि २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात आहे, तो धानाच्या पुंजण्यांवर येतो, मोहाच्या वासावर येतो, त्याच्यापुढे तुमच्या गाडीचा पत्रा काय.

दुसरं पाण्याचं. हिवाळ्यात नदीचं पात्र अर्धं उघडं पडतं, पांढरीशुभ्र रेती, मुक्कामाला हात जोडून बोलावते. त्या रेतीवर रात्री गाडी ठेवायची नाही. वर धरण आहे, पाणी कधी सोडतील ते तुम्हाला फोन करून सांगत नाहीत. झोपताना दहा पावलांवर असलेलं पाणी सकाळी दारात असू शकतं.

म्हणून आमचं असं ठरलेलं, दिवस नदीवर आणि रात्र गावात. चार वाजता गावात शिरायचं, पानठेल्यावर विचारायचं पोलीस पाटील कोण, सरपंच कोण, त्यांना जाऊन भेटायचं, दोन रात्री राहणार आहो, गाडी कुठं लावू. एकदाही नाही म्हटलं नाही कोणी. मंदिराचं पटांगण, ग्रामपंचायतीच्या समोर, कोणाच्या खळ्यात. शाळेचं ग्राउंड फक्त सुट्टीच्या दिवशी, आणि तेही गुरुजींना विचारून, नाहीतर सकाळी साडेदहाला दीडशे पोरं गाडीला चिकटतात आणि त्या दिवशीचा पहिला तास तुमच्या गाडीवरच होतो. तारे गावातून पण दिसतात, दहा वाजता सगळे दिवे बंद होतात. आवाज म्हणाल तर कुत्र्यांचा असतो, तो सोसायचा.

प्रश्न : माझ्या गाडीवर २०० वॅटचं सोलर आणि आत १०० एएचची लिथियम बॅटरी आहे. थंडीत पुरेल का की जनरेटर घेऊ? सोबत छोटा फ्रीज आणि इंडक्शन आहे. – एक वाचक, वर्धा

जनरेटर नका घेऊ, त्या भडभडीनं अर्धं गाव जागं होतं. इंडक्शन घरी ठेवा.

हिशोब करून बघू. १०० एएच, म्हणजे अँपिअर-तास, गुणिले १२.८ व्होल्ट म्हणजे साधारण १२८० वॅट-तास तुमच्याकडे साठा. आता भर किती पडते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत भर दुपारी बाराला सुद्धा सूर्य आकाशात जेमतेम निम्म्या उंचीवर, ४५-४६ अंशांवर असतो, आणि टपावर आडवं ठोकलेलं पॅनल त्याला तिरकंच पडतं, म्हणून २०० वॅट कागदावरच २०० असतात. आमच्या मीटरवर चांगल्या दिवशी ७०० च्या आसपास वॅट-तास दिसायचे, धुक्याच्या दिवशी ४५०. फ्रीज दिवसरात्र चालला तर ४०० खातो. दिवे, दोन फोन, पाण्याचा पंप मिळून १५०. म्हणजे पुरतं, पण जेमतेम, सलग दोन दिवस ढग आले की साठ्यात हात. इंडक्शन १५०० वॅटचं, वीस मिनिटं चालवलं की ५०० गेले, म्हणजे एका भाजीत दिवसभराचं ऊन संपलं.

आम्ही तीन गोष्टी केल्या. फ्रीज रात्री बंद, बाहेर दहा अंश असताना दुधाला फ्रीज कशाला पाहिजे, खिडकीशी ठेवलं तरी चालतं. पॅनल रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचं, इकडे मळणीचं यंत्र चालू असतं, धानाचा भुसा उडून पॅनलवर असा बसतो की बोटानं नाव लिहिता येतं, एका सकाळी पुसायच्या आधी आणि नंतर मीटर बघितला तर जवळपास पाव भागाचा फरक. आणि गाडी लावताना झाड बघून नाही, ऊन बघून लावायची. उन्हाळ्याची सवय असते ना आपल्याला, गाडी दिसली की सावली शोधायची, ती सवय जायला मला चार दिवस लागले. चिंचेच्या झाडाची थोडी सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी करंट धाडकन पडतो. दार आणि मोठी खिडकी दक्षिणेकडे ठेवा, दिवसभर ऊन आत येतं.

आंघोळीचं पाणी असंच. काळा रंग दिलेली वीस लिटरची कॅन सकाळीच टपावर ठेवून द्यायची, दीड-दोन वाजता पाणी चांगलं कोमट होतं, आंघोळ तेव्हा करायची. सकाळी सहाला आंघोळ पाहिजेच म्हणणाऱ्यांनी गावात कोणाच्या चुलीवर गंजभर पाणी तापवून मागायचं, सासूबाई मागायच्या, आणि बदल्यात तिथंच बसून त्यांच्या मिरच्या खुडून द्यायच्या.

प्रश्न : माह्याकडे जुना टेम्पो हाय, त्याले आतून पलंग-बिलंग बसवून मोटारहोम करतो म्हणतो. गावातलाच मिस्त्री करून द्यायले तयार हाय. काही लफडं तर नाही होणार ना? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

होईल भाऊ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, गाडीच्या आरसीवर जे लिहिलं आहे त्यात परवानगीशिवाय बदल करायला मनाई आहे. मालवाहू टेम्पोत पलंग टाकून माणसं झोपवली, आरसीवर अजून मालवाहूच, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिले आरसी मागते. मोटार कॅराव्हॅनसाठी वेगळे नियम आहेत, एआयएस-१२४ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात गॅस, वायरिंग, बाहेर निघायचा रस्ता, सगळं येतं. ते ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडूनच बॉडी करून घ्या आणि कामाला हात लावायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा. लायसनचं टेन्शन नको, ७५०० किलोच्या आतली गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसनवर चालते.

आमचं सांगते. पहिल्या वेळी आम्ही पण घाई केली, एका वर्कशॉपमध्ये दिली, नाव घेत नाही, माणूस बोलायला गोड. त्यानं १५० लिटरची पाण्याची टाकी, बॅटरी आणि ओटा, तिन्ही डाव्या बाजूला बसवले. पाणी भरलं की दीडशे किलो तिथंच. गाडी उभी असताना पण डावीकडे कललेली, सासूबाई रात्री पलंगावरून भिंतीकडे घसरायच्या आणि सकाळी माझ्यावर चिडायच्या. वळणावर तर माझे हात थरथरायचे. सगळं काढून दुसरीकडे परत करावं लागलं, टाकी मधोमध, चाकांच्या मधल्या भागात, जितकी खाली जाईल तितकी खाली. पैसे दोनदा गेले. म्हणून म्हणते, आधी चार दिवस भाड्यानं घेऊन फिरा, राज्याचं २०२१ पासून कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण पण आहे, भाड्याच्या गाड्या मिळतात. चार दिवसांत तुम्हालाच कळेल तुम्हाला पलंग किती लांब पाहिजे आणि बायको यायला तयार आहे की नाही.

आणि उंची मोजून ठेवा, डॅशबोर्डवर लिहूनच ठेवा. आमची पॅनल धरून सव्वानऊ फूट. रेल्वेच्या खालचे बोगदे, गावाची कमान, आणि सगळ्यात बेकार म्हणजे रस्त्यावरून या घरातून त्या घरात गेलेल्या लोंबत्या वायरी. एका गावात एक पोरगं बांबू घेऊन पुढं चालत होतं, वायरी उचलून धरत, आणि मागं माझी वरात.

प्रश्न : विचारायला लाज वाटते पण संडासचं काय करता? माझ्या आईचे गुडघे गेले आहेत, तिला उघड्यावर नेता येत नाही, म्हणूनच मोटारहोमचा विचार आहे. – एक वाचक, चंद्रपूर

लाज कशाची, पहिला प्रश्न हाच असायला पाहिजे होता. सासूबाईंचे पण गुडघे तसेच आहेत, आणि त्या माझ्यासोबत येतात ते नदीसाठी नाही, कमोडसाठी येतात असं मी त्यांना चिडवते.

आमच्याकडे कॅसेट टॉयलेट आहे, म्हणजे खाली वीस लिटरचा डबा, बाहेरून दार उघडून ओढून काढायचा. दोघींत दोन-अडीच दिवस चालतो. तो रिकामा करायचा तो कोणाच्या तरी सेप्टिक टँकच्या संडासात, पेट्रोल पंपावर, बसस्टँडच्या सुलभमध्ये, विचारून, आणि नंतर बादलीनं जागा धुऊन. थोडे पैसे देऊ करा. वास मारायचं निळं औषध कमीच टाका, जास्त टाकलं तर ते सेप्टिक टँकमधले चांगले जंतू मारतं. मुक्काम ठरवताना मी पाणी कुठं भरू याच्या आधी डबा कुठं रिकामा करू हे बघते.

नदीत नाही. हे वेगळं सांगायला नको पण सांगते, कारण मी स्वतः बघितलं आहे एका गाडीला करताना. नदीच्या पात्रातच विहीर खोदून काठाच्या कितीतरी गावांची नळयोजना चालते. आणि आपण नागपूरकरांनी तर तोंडच उघडायचं नाही. नाग नदीतलं आमच्या शहराचं सांडपाणी कन्हानमध्ये येतं आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत, म्हणजे गोसीखुर्दच्या साठ्यात. अंभोऱ्याला मी भांडी घासायला पाणी काढायला वाकले तर सासूबाई म्हणाल्या, राहू दे, आपल्याच मोरीचं आहे. तेव्हापासून पिण्याचं पाणी फक्त गावच्या आरओवरून, वीस लिटरच्या कॅनमध्ये.

प्रश्न : रात्री फार थंडी वाजते का? शेगडी पेटवून आत ठेवली तर चालेल का? – एक वाचक, नांदेड

चालणार नाही. कोळशाची शेगडी, हिटर म्हणून पेटवलेला गॅस, काहीच नाही, बंद गाडीत तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो. आणि गॅसचं सिलिंडर असेल तर हे पण लक्षात ठेवा की एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून जमिनीलगत एक जाळीचं भोक पाहिजेच पाहिजे. आमच्या भोकात थंडी येते म्हणून कोणीतरी पायपुसणं कोंबलं होतं, कोणी ते सांगत नाही, घरातलंच माणूस आहे.

थंडी वाजते. पूर्व विदर्भात पारा ८-९ वर जातो, गोंदियाकडे तर बरेचदा विदर्भातली सगळ्यात जास्त थंडी. दोन वाकळा, कानटोपी, गरम पाण्याची पिशवी पायाशी. खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, नाहीतर पहाटे श्वासाचं पाणी छतावरून थेंब-थेंब तोंडावर पडतं. बाकी काय, सकाळी नऊला ऊन येईपर्यंत वाकळीतच राहायचं, कोणती बस चुकून राहिली आहे.

प्रश्न : कुत्र्याला नेलं तर? – एक वाचक, अमरावती

बिबट्याला आवडेल. नका नेऊ.

प्रश्न : खाण्यापिण्याचं सामान किती भरून न्यावं? आणि तिकडून काय आणावं? – एक वाचक, जळगाव

तेल, मीठ, तिखट, चहा-साखर आणि तांदूळ सोडून काही नको. नाही, तांदूळ पण नको, धानाच्या देशात चाललात तुम्ही. जानेवारीत पोपटाच्या शेंगा निघतात, म्हणजे वालाच्या, त्या मिठाच्या पाण्यात उकडून उन्हात बसून सोलत खायच्या. धान निघाल्यावर त्याच बांध्यांत लाखोळीची डाळ आणि जवस असतो, जवसाची निळी फुलं आली की अख्खा काठ निळा होतो. तलावातले शिंगाडे बाजारात उकडलेले मिळतात. मासोळी सकाळी डोंगा काठाला लागतो तिथंच घ्यायची, ढिवर बांधव वजनकाट्यावर टाकायच्या आधी तुम्ही भाव करू नका, शोभत नाही. भाजीवर घालायला सांबार मागा, तिकडे कोथिंबीर म्हणाल तर हसतात. आणताना भिवापूरची मिरची, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली आहे, आणि पैसे उरले तर करवतकाठी साडी, पवनी, मोहाडी, आंधळगावकडे विणकर आहेत, टसरची, काठाला करवतीचे दात. मी दोन घेतल्या, घरी एकच सांगितली आहे, हा अंक घरी येतो हे आत्ता लिहिताना आठवलं.

प्रश्न : चौथ्या फोटोत तुमच्या गाडीला ट्रॅक्टर बांधलेला दिसतो आणि एक आजी दारात बसल्या आहेत. ते काय झालं होतं? – एक वाचक, बुलढाणा

संपादकांना म्हटलं होतं तो फोटो नका टाकू.

आरमोरीच्या अलीकडची गोष्ट. दुपारचे दोन, ऊन असं की स्वेटर काढला, आणि खाली पात्रात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दिसल्या. म्हटलं ट्रॅक्टर जातो तर आपण पण जाऊ, अर्धा तास पाण्याजवळ बसू. वर एवढं सगळं शहाणपण सांगितलं ना, तेव्हा कुठं होतं कोणास ठाऊक. तीस फूट आत गेले असेन, मागची चाकं खाली बसायला लागली, मी घाबरून रेस दिली, आणि रेस दिली की रेतीत चाक फक्त खोदतं, दोन मिनिटांत मडगार्डपर्यंत. करायचं असतं उलटं, चाकांतली हवा कमी करायची, पुढची रेती हातानं उपसायची, पोतं किंवा तणीस घालायची आणि हळू निघायचं. मी ते सगळं केलं, पण एक तास उशिरा, आणि तोवर गाडी टेकली होती.

ट्रॅक्टरवाला आला, चाक बघितलं, मला बघितलं, पाचशे म्हणाला. मी बरं म्हटलं. त्याच्यासोबत त्याची आई आली होती, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून, ऐंशीच्या घरातली. दोर बांधेपर्यंत ती सरळ आमच्या गाडीत चढली. ओटा बघितला, पलंग दाबून बघितला, फ्रीज उघडून आतली अर्धी वाटी वरण बघून बंद केला, संडासचं दार उघडलं आणि पटकन लावलं. मग दारात पाय सोडून बसली, सासूबाईंच्या शेजारी, जवळपास एकाच वयाच्या दोघी.

"घर तं आहे ना तुमाले?"

"आहे ना. नागपूरले. तिसऱ्या माळ्यावर."

"मंग हे कायले घेऊन फिरता, रेतीत फसाले?"

मी मागं दोराला हात लावून उभी, कान तिकडे, आता काय उत्तर देतात म्हणून. सासूबाईंनी पदर डोक्यावरून खाली घेतला, पाय आणखी थोडे उन्हात सरकवले.

"घरी ऊन येत नाही," त्या म्हणाल्या.

आजीनं मान हलवली आणि पोराला ओरडून सांगितलं, घाई नोको करू, बसू दे थोडा वेळ.